बॅकअपची नोंदवही हरवते तेव्हा

मोठ्या संस्थांच्या संगणककक्षात रोज रात्री एक काम निमूटपणे चालू असते. दिवसभरात बदललेली माहिती सर्व्हरांवरून उचलली जाते, चुंबकीय टेपांवर लिहिली जाते आणि सकाळी त्या टेपा कपाटात किंवा दुसऱ्या इमारतीतील तिजोरीत रवाना होतात. बँक असो, रुग्णालय असो वा विद्यापीठ, 'आमच्याकडे बॅकअप आहे' हे वाक्य या टेपांच्या भरवशावर उच्चारले जाते. ते खरेही असते. मात्र एखाद्या दिवशी ज्या सर्व्हरवरून बॅकअपचे हे सारे काम चालते तो सर्व्हरच कोसळतो, त्याच्या डिस्क निकामी होतात; आणि मग ध्यानात येते की शेकडो टेपा तर शाबूत आहेत, परंतु कोणत्या टेपवर काय आहे हे सांगणारे कोणी उरलेले नाही.

तलाठ्याचे दप्तर जळाले म्हणून गावातली जमीन कुठे जात नाही. बांध तिथेच असतात, विहीर तिथेच असते. पण कोणता गट कोणाच्या नावावर, त्यावर बोजा कोणाचा, हे सांगणारा सात-बाराच नाहीसा झाला तर त्या जमिनीचा व्यवहार करायचा कसा? बॅकअपच्या टेपांचे नेमके हेच आहे. टेप ही जमीन. तिचा सात-बारा असतो बॅकअप सॉफ्टवेअरच्या डेटाबेसमध्ये. हा डेटाबेस सामान्यतः एखाद्या युनिक्स सर्व्हरच्या डिस्कवर वसतीला असतो, आणि त्याचीही प्रत रोज टेपवरच जाते. म्हणजे तिजोरीची किल्ली तिजोरीतच ठेवून दार लोटून घेतल्यासारखा हा प्रकार. ते दार पुन्हा उघडता येते. कसे, ते समजून घेण्यासारखे आहे.

प्रथम एका स्वाभाविक शंकेचे निरसन करू. टेपवर माहिती आहेच, तर ती सरळ वाचून का काढू नये? युनिक्सच्या जुन्या परंपरेत हे शक्य होते. १९७९ मध्ये आलेल्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीपासून 'टार' ही आज्ञा वापरात आहे. 'टेप आर्काइव्ह' या शब्दांचेच ते लघुरूप. एका सर्व्हरची एक निर्देशिका एका टेपवर लिहायची आणि टेपच्या डबीवर पेनने तारीख टाकायची, एवढ्यावर तेव्हा काम भागे. टेप कोणत्याही यंत्रात घालावी, 'टार'ने वाचावी, फायली हजर. डबीवरचे अक्षर हीच नोंदवही.

सर्व्हरांची संख्या शंभरावर गेली तेव्हा ही पद्धत मोडली. शिवाय टेपयंत्राची स्वतःची एक अडचण असते. टेप एका ठरावीक वेगाने धावत राहिली तरच ते यंत्र समाधानाने चालते. समोरून माहिती सावकाश आली, तर टेप थांबवावी लागते, थोडी मागे न्यावी लागते आणि पुन्हा पळवावी लागते. यात वेळ जातो आणि टेप व यंत्र दोन्ही झिजतात. यावर उपाय म्हणून आधुनिक बॅकअप सॉफ्टवेअर अनेक सर्व्हरांकडून एकाच वेळी माहिती घेते आणि तिपेडी वेणीसारखी ती एकमेकांत गुंफून टेपवर लिहिते. एक तुकडा लेखा विभागाचा, पुढचा टपालाच्या सर्व्हरचा, त्यापुढचा आणखी कोणाचा. वेग साधतो, परंतु ही वेणी उलगडायची तर कोणता पेड कोणाचा हे ठाऊक हवे. 'टार'ला ते ठाऊक नसते. नोंदवहीला असते.

ही नोंदवही तरी एक कुठे असते? उदाहरणादाखल 'नेटवर्कर' हे सॉफ्टवेअर घेऊ. १९८८ मध्ये स्थापन झालेल्या लेगाटो या कंपनीचे हे उत्पादन. सन कंपनीनेही ते 'सोल्स्टिस बॅकअप' या नावाने आपल्या सोलारिस सर्व्हरांसाठी विकले. पुढे २००३ मध्ये लेगाटो ईएमसीकडे गेली आणि २०१६ मध्ये ईएमसी डेलकडे. मालक बदलले, रचनेचा गाभा मात्र टिकला. नेटवर्करच्या सर्व्हरवर तीन प्रकारच्या नोंदी असतात. पहिली माध्यमांची: कोणत्या टेपा अस्तित्वात आहेत, प्रत्येकीवर कोणते संच कोठून कोठपर्यंत लिहिले आहेत आणि त्यांची मुदत कधी संपते. दुसरी फायलींची सूची, प्रत्येक सर्व्हरची वेगळी: अमुक फाइल अमुक तारखेला अमुक संचात गेली. तिसरी मांडणीची: कोणते सर्व्हर, कोणती यंत्रे, कोणते वेळापत्रक, कोणाला कोणता अधिकार.

या तिन्हींचे मोल सारखे नाही, आणि संकटाच्या रात्री हे भान फार उपयोगी पडते. फायलींची सूची आकाराने अवाढव्य असते, पण ती नसली तरी संपूर्ण संच परत मिळवता येतो. फक्त त्यातील एकच फाइल नेमकी उचलता येत नाही. माध्यमांची नोंद त्या मानाने आटोपशीर असते, परंतु तिच्यावाचून सगळेच अडते. म्हणून नेटवर्कर माध्यमांची नोंद आणि मांडणीच्या फायली यांचा एक छोटा वेगळा संच रोजच्या बॅकअपच्या शेवटी टेपवर लिहून ठेवतो. त्याला 'बूटस्ट्रॅप' म्हणतात. बुटाच्या मागे असलेल्या पट्टीला धरून स्वतःला वर उचलणे, असा त्या शब्दाचा मूळ विनोद आहे. आपल्याकडे स्वतःच्याच खांद्यावर चढून बसणे म्हणता येईल. अशक्य वाटणारी ही कसरत सॉफ्टवेअरला करावी लागते, आणि त्यासाठी बाहेरून एकच टेकू लागतो: हा संच कोणत्या टेपवर, कोणत्या जागी आहे ही माहिती.

ही माहिती एका ओळीत मावते. तारीख, वेळ, संचाचा लांबलचक क्रमांक, टेपवरील फाइलचा क्रमांक, नोंदीचा क्रमांक आणि टेपचे नाव, बस. जुन्या आवृत्त्यांत ही ओळ रोज प्रिंटरवर छापली जाई. अनेक संगणककक्षांत सकाळी प्रिंटरवर पडलेला तो कागद रद्दीत जात असे. काही शहाण्या ठिकाणी तो फाइलला लावला जाई. पुढे कागदाची जागा ई-मेलने घेतली आणि एक नवीच गंमत झाली. ई-मेल बहुतेक वेळा युनिक्सच्या 'रूट' या मुख्य वापरकर्त्याच्या नावे जाते, आणि त्या वापरकर्त्याची टपालपेटी असते त्याच सर्व्हरवर! सर्व्हर गेला की त्याच्यासोबत ती ओळही गेली. प्रस्तुत लेखकाचे मत विचाराल तर प्रिंटर बरा होता.

आता प्रत्यक्ष पुनःस्थापनेकडे वळू. सर्व्हरच्या डिस्क बदलल्या आहेत, कार्यप्रणाली नव्याने बसवली आहे असे धरू. येथे पहिला नियम असा की नव्या यंत्राला जुन्याचेच नाव द्यावे, आणि बॅकअप सॉफ्टवेअरची आवृत्तीही जुनीच बसवावी, त्याच जागी. 'आता नव्याने बसवतोच आहोत तर नवीन आवृत्ती घालू' हा मोह अनेकांना होतो. डेटाबेसची अंतर्गत रचना आवृत्तीगणिक बदलते, तेव्हा आवृत्ती बदलायची असेल तर ती सारे सुरळीत झाल्यावर बदलावी. जुनी आवृत्ती नेमकी कोणती होती आणि तिच्यावर कोणत्या दुरुस्त्या चढवल्या होत्या, हेही कुठेतरी बाहेर लिहिलेले असावे लागते. ज्या डेटाबेसमध्ये ते असते तोच तर आपण शोधत आहोत.

दुसरे काम अगदी हाताचे. टेपच्या डबीला एका बाजूस लहानशी सरकपट्टी असते. ती सरकवली की त्या टेपवर लिहिता येत नाही, फक्त वाचता येते. ज्या टेपांवर आपले सर्वस्व आहे त्या यंत्रात घालण्यापूर्वी ही पट्टी सरकवून घ्यावी. याला क्षणभर लागतो. नवा सर्व्हर या टेपांना ओळखत नाही. त्याच्या दृष्टीने त्या अनोळखी टेपा आहेत आणि थकलेल्या माणसाने चुकीच्या प्रश्नाला 'होय' म्हटले तर त्यांवर नवे लेबल लिहायला तो कचरणार नाही. टेपच्या आरंभी नवे लेबल एकदा लिहिले गेले की त्यापुढचे सारे जणू संपले. यंत्र त्यापुढे वाचायलाच तयार होत नाही. या कारणासाठीच ग्रंथालय-यंत्रातील टेप प्रथम आरूढ न करता नुसती यंत्रात सरकवण्याची आज्ञा वापरतात.

त्यानंतर 'एमएमरिकव्ह' ही आज्ञा. ती टेपयंत्राचे नाव विचारते, संचाचा क्रमांक विचारते, फाइल आणि नोंदीचा क्रमांक विचारते. ती एक ओळ हाताशी असेल तर टेप थेट त्या जागी धावते आणि माध्यमांची नोंद काही मिनिटांत परत उभी राहते. अलीकडच्या आवृत्त्यांत हे काम 'एनएसआरडीआर' नावाची आज्ञा करते. प्रश्न थोडे सौम्यपणे विचारते, एवढेच.

ओळ हाताशी नसेल तर? तर 'स्कॅनर' नावाची आज्ञा आहे. ती टेप आरंभापासून वाचत जाते आणि तिच्यावरील शेवटचा बूटस्ट्रॅप शोधून काढते. आशा इथे संपत नाही, वेळ मात्र संपू लागतो. २०२१ मध्ये आलेल्या नवव्या पिढीच्या एलटीओ टेपवर १८ टेराबाइट माहिती मावते. ती टेप एक किलोमीटरहून लांब असते आणि सेकंदाला ४०० मेगाबाइट या पूर्ण वेगाने वाचली तरी आरंभापासून अंतापर्यंत साडेबारा तास लागतात. त्यात आपली टेप कोणती हेच माहीत नसेल, अंदाजाने तीन-चार टेपा लावाव्या लागल्या, तर दोन दिवस नुसत्या शोधात जातात. खाली काउंटरवर माणसे खोळंबलेली असताना वरच्या मजल्यावर एक यंत्र शांतपणे टेप फिरवत बसलेले असते. एका ओळीची ही किंमत.

माध्यमांची नोंद परतली की मांडणीच्या फायली वेगळ्या निर्देशिकेत येतात. सॉफ्टवेअर त्या जुन्या फायलींवर आपणहून चढवत नाही, कारण चालू असलेली मांडणी पायाखालून काढणे योग्य नव्हे. तेव्हा सेवा थांबवून, चालू निर्देशिकेचे नाव बदलून, परत आलेल्या निर्देशिकेला तिचे नाव द्यायचे आणि सेवा पुन्हा सुरू करायची. मग 'एनएसआरसीके' या आज्ञेने सातव्या पातळीवर फायलींच्या सूची परत आणायच्या. सर्व सर्व्हरांच्या सूची एकदम आणण्याची घाई करू नये. ज्या सर्व्हरवर संस्थेचा श्वास अवलंबून आहे त्याची सूची आधी, बाकीच्या मागाहून. हा क्रम ठरवणे हे संगणक विभागाचे काम नव्हे, व्यवस्थापनाचे आहे. आणि ते शांततेच्या काळात ठरलेले असावे.

येथवर आलो की काम संपले असे वाटते. खरा धोका इथून पुढे आहे, आणि त्याबद्दल फारसे बोलले जात नाही.

समजा बूटस्ट्रॅप मंगळवारी रात्रीचा आहे. बुधवारी दिवसभर आणखी काही बॅकअप त्याच टेपवर लिहिले गेले, आणि बुधवारी संध्याकाळी सर्व्हर कोसळला. परत आणलेली नोंदवही मंगळवारची आहे. तिच्या मते ती टेप मंगळवारच्या जागीच संपते. बुधवारचे लिखाण टेपवर प्रत्यक्ष आहे, पण नोंदवहीला त्याची गंधवार्ता नाही. आता मांडणीच्या फायली परत आल्यामुळे रात्रीचे वेळापत्रकही जिवंत झालेले असते. ठरल्या वेळी नेहमीचा बॅकअप सुरू होतो, टेप 'मंगळवारच्या शेवटा'पर्यंत नेली जाते आणि नवे लिखाण बुधवारच्या लिखाणावरच चढते. कोणीही काही चुकीचे केलेले नाही, आणि तरीही बुधवारचा दिवस कायमचा पुसला गेला. शिवाय परत आलेल्या नोंदीनुसार ज्या टेपांची मुदत संपली आहे त्या पुन्हा वापरायलाही सॉफ्टवेअर मोकळे असते.

म्हणून सेवा सुरू करताच सर्व स्वयंचलित वेळापत्रके बंद करणे आणि बूटस्ट्रॅपनंतर वापरल्या गेलेल्या टेपा 'केवळ वाचनासाठी' अशी खूण करून ठेवणे अत्यावश्यक आहे. नेटवर्करच्या नव्या आवृत्त्यांत अशा टेपांवर 'तपासणी आवश्यक' अशी खूण आपोआप करण्याची सोय आहे. मग त्या टेपा सवडीने 'स्कॅनर'ला दाखवायच्या. तो राहिलेले लिखाण वाचून नोंदवहीत भरतो. संकटकाळी घेतलेला नवा बॅकअप कोऱ्या टेपवर घ्यावा. टेप काही सर्व्हरइतकी महाग नसते.

सर्वच सॉफ्टवेअर इतकी क्षमाशील नसतात. आयबीएमचे टिव्होली स्टोरेज मॅनेजर १९९३ मध्ये वेगळ्या नावाने आले आणि त्यानंतरही त्याची नावे बदलत राहिली. त्याची रीत अशी की एकदा पूर्ण बॅकअप झाला की नंतर कायम फक्त बदललेल्या फायलीच उचलायच्या. टेपांची बचत होते, जाळ्यावरचा भार कमी होतो. रचना बुद्धिमान आहे यात शंका नाही. परंतु तिचा सारा डोलारा एकट्या डेटाबेसवर तोललेला आहे. एका सर्व्हरच्या फायली वर्षानुवर्षांच्या कित्येक टेपांवर विखुरलेल्या असतात, आणि त्या टेपा वाचून डेटाबेस नव्याने बांधण्याची सोयच त्यात नाही. डेटाबेसची प्रत, टेपांच्या इतिहासाची फाइल आणि यंत्रांच्या मांडणीची फाइल या तीन वस्तू सुरक्षित असतील तर एका आज्ञेत सर्व पूर्ववत होते. त्या नसतील तर तिजोरीतील टेपा म्हणजे केवळ प्लास्टिक.

नेटबॅकअप या दोहोंच्या मधले. हे २०२४ पर्यंत व्हेरिटासचे उत्पादन होते. या कंपनीचे मोठे विकास केंद्र पुण्यात होते, त्यामुळे हे नाव मराठी घरांना नवीन नाही. त्याची सूचीही टेपवर जाते, आणि पुनःस्थापनेसाठी लागणारा तपशील एका छोट्या फाइलच्या रूपाने ई-मेलने पाठवला जातो. सूची कायमची गेली तर टेपा दोन टप्प्यांत वाचून ती पुन्हा बांधता येते. २०१७ च्या सुमारास आलेल्या आवृत्तीपासून या तपशिलासोबत सर्व्हरची ओळखपत्रेही जातात आणि ती सांकेतिक वाक्याने कुलूपबंद असतात. सुरक्षेच्या दृष्टीने हे योग्यच झाले. मात्र ते वाक्य ज्याला पाठ होते तो कर्मचारी दोन वर्षांपूर्वी नोकरी सोडून गेला असेल तर काय, हा प्रश्न सॉफ्टवेअर सोडवत नाही.

या गर्दीत एका साध्या सॉफ्टवेअरचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. मेरिलँड विद्यापीठात जन्मलेले 'अमांडा' टेपवरील प्रत्येक संचाच्या आरंभी ३२ किलोबाइटचे एक मथळापत्र लिहिते. त्यात साध्या वाचनीय अक्षरांत हा संच कोणाचा, कधीचा, आणि तो परत मिळवायचा तर युनिक्सच्या कोणत्या नेहमीच्या आज्ञा द्याव्यात, हे लिहिलेले असते. म्हणजे अमांडा नसले, त्याची नोंदवही नसली, तरी टेप स्वतःच आपला पत्ता सांगते. वीस वर्षांनी कपाट उघडणाऱ्या अनोळखी माणसाचा विचार कोणीतरी केला होता.

टेपची गरज आता उरली आहे का, असे विचारणारे पुष्कळ आहेत. २७ फेब्रुवारी २०११ रोजी जीमेलच्या काही ग्राहकांच्या टपालपेट्या अचानक रिकाम्या दिसू लागल्या. साठवणुकीच्या सॉफ्टवेअरमधील दोष अद्ययावतीकरणातून शिरला होता, आणि वेगवेगळ्या केंद्रांतील डिस्कवरच्या अनेक प्रती त्याने एकाच वेळी बाधित केल्या. बाधित ग्राहक एकूण संख्येच्या सुमारे ०.०२ टक्के होते. गुगलने त्यांची पत्रे परत आणली ती टेपांवरून, कारण जाळ्यापासून तुटलेल्या टेपपर्यंत तो दोष पोहोचूच शकत नव्हता. आज खंडणीखोर सॉफ्टवेअर संस्थेत शिरले की अनेकदा प्रथम बॅकअपच्या सर्व्हरवर आणि त्याच्या नोंदवहीवर घाला घालते. तेव्हा नोंदवही टेपवरून परत आणण्याची ही विद्या कालबाह्य झालेली नाही.

नुसती प्रत घेतली जात असल्याचा समज किती ठिसूळ असतो हे ३१ जानेवारी २०१७ च्या गिटलॅबच्या प्रकरणात दिसले. चालू डेटाबेसची निर्देशिका चुकून पुसली गेली. नेहमीचे बॅकअप शोधू जाता आवृत्तीच्या विसंगतीमुळे ते निघतच नसल्याचे आढळले, आणि ते निघत नसल्याची सूचना देणारी ई-मेलही प्रमाणीकरणाच्या अभावी नाकारली जात होती. योगायोगाने सहा तासांपूर्वी घेतलेली एक वेगळी प्रत होती म्हणून नुकसान सहा तासांवर निभावले. कंपनीने हे सर्व जाहीरपणे लिहिले, हे तिचे मोठेपण.

टेपच्या बाबतीत आणखी दोन गोष्टी. टेपयंत्रांच्या पिढ्या बदलतात: सातव्या पिढीपर्यंतची एलटीओ यंत्रे मागच्या दोन पिढ्यांच्या टेपा वाचत, आठव्या पिढीचे यंत्र सहाव्या पिढीची टेप वाचत नाही. जुने यंत्र भंगारात देण्यापूर्वी नोंदवहीची जुनी प्रत कोणत्या पिढीच्या टेपवर आहे ते पाहावे. तसेच २००७ मध्ये आलेल्या चौथ्या पिढीपासून टेपयंत्र स्वतःच माहिती कूटबद्ध करू शकते. ती उलगडणारी किल्ली जर बॅकअपच्याच सर्व्हरवर असेल, तर आरंभी सांगितलेले तिजोरीचे दार पुन्हा एकदा, आणि या वेळी जास्त घट्ट, लागले म्हणून समजावे. मुंबई-कोकणासारख्या दमट हवेत टेपांची तिजोरी वातानुकूलित असणेही चैनीत मोडत नाही.

पुनःस्थापनेची तालीम वर्षातून किमान एकदा, मुख्य जाळ्यापासून पूर्णपणे अलग ठेवलेल्या यंत्रावर करावी. अलग अशासाठी की एकाच नावाचे दोन सर्व्हर एकाच जाळ्यावर आले तर जे ग्राहक-सर्व्हर खऱ्याशी बोलत आहेत ते खोट्याशी बोलू लागतील. तालमीला नेहमीच्या तज्ज्ञाला बसवू नये. त्याला सुटी द्यावी आणि त्याने लिहून ठेवलेले टिपण दुसऱ्याच्या हाती द्यावे. टिपणात कार्यप्रणालीची व सॉफ्टवेअरची आवृत्ती, सर्व्हरचे नाव, यंत्रांची जोडणी, परवान्यांचे क्रमांक आणि ती रोजची एक ओळ असावी. परवाना पुष्कळदा जुन्या यंत्राच्या ओळखक्रमांकाशी बांधलेला असतो, तेव्हा विक्रेत्याचा दूरध्वनी क्रमांकही. तालमीत घड्याळ लावावे आणि पहिली फाइल परत मिळेपर्यंत किती तास गेले ते त्याच टिपणाच्या पहिल्या पानावर लिहावे. व्यवस्थापन बैठकीत विचारते तो आकडा हाच असतो.